दोन मिलिमीटर

शिवणीच्या डावीकडचा काळा चौकोन उजवीकडच्यापेक्षा दोन मिलिमीटर वर होता. सूट एका मिलिमीटरची. सुकर्तीने पट्टी पुन्हा लावून पाहिली, चड्डीची घडी घातली आणि ती पास झालेल्या ढिगात ठेवली.

बाली बेटावर, देनपासारच्या त्या अंतर्वस्त्रांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं माल तपासत होती. वाकडी शिवण तिच्या हातून कधी सुटली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी परदेशी कंपनीने नवा नमुना पाठवला, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. फाटकाजवळच्या देवाच्या वडाला नेसवतात, तेच कापड.

नापास माल जमिनीवरच्या पोत्यात जाई. त्याच्या चिंध्यांनी फरशी पुसत. पहिली नापास चड्डी हातात आली तेव्हा ती कुठे ठेवावी, हेच सुकर्तीला कळेना. चड्डी उंचावर ठेवत नाहीत आणि ते कापड पायाखाली टाकत नाहीत. मधोमध फक्त टेबल होतं, आणि टेबलावर पास झालेला ढीग.

आता तिच्या शिक्क्याचे खोके कंपनीकडून परत आले होते.

जेवणाच्या सुट्टीत केतुत खुर्ची ओढून समोर बसला. तो देखरेखीवर होता, तिच्याच गावचा, तिच्याहून लहान. नजर कमी झाली असं तिने लिहून द्यावं, मग तो तिला घड्या घालायच्या कामावर घेईल, दवाखान्याचं कार्डही चालू राहील, असं तो हळू आवाजात सांगत होता. त्या कार्डावरच तिच्या नवऱ्याचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रावर शुद्ध होई.

तिने पोत्याकडे बोट दाखवलं.

"अगं ताई, देवळाचे रखवालदार कमरेलाच गुंडाळतात की ते."

"कपड्यांवरून गुंडाळतात, केतुत."

तो हसला नाही. "परवा वडाला नवं कापड मीच नेसवलं. मला कळत नाही होय? पण हे मी कंपनीला कुठल्या रकान्यात लिहू?" त्याने कागद पुढे सरकवला. "डोळ्यांचं लिहिलंय. सही कर."

चष्म्याशिवाय तिने तो वाचला, खालच्या बारीक ओळीपर्यंत. उद्या शुक्रवार होता, नवऱ्याला यंत्रावर न्यायचा दिवस. तिने पट्टी उचलून कागदावर आडवी ठेवली.

"मला सगळं दिसतं. तीनशे चाळीस वाकड्या होत्या, एकेक मोजून पास केली. ते डोळ्यांचं खोडून टाक. उद्यापासून मी येणार नाही."