संपातलं बाळंतपण

पांढरकवड्याला कमिटीचा, म्हणजे नगरपालिकेचा, एक दवाखाना होता. तिथे आम्ही सात आयाबाया. दुसऱ्यांची लेकरं झेलण्यात माझी पंधरा वर्षं गेली, पण आयाबाईलाच दिवस गेले की सातव्या महिन्यात तिला घरी बसवत आणि जागा दुसरीला देत. बासष्ट साली आमच्यातल्या जमनीला सातवा लागला. ती तांड्यावरून चार मैल चालत यायची. नवऱ्याचा पाय ट्रकखाली गेलेला. नोकरी गेली तर चूल बंद. म्हणून आम्ही संपावर बसलो. बाळंतपणाची रजा द्या आणि परत कामावर घ्या, एवढंच मागणं. पुढारी मारोतराव. त्याचं भाषण ऐकून मीही रडले, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी भर दुपारी मी जेवायला घरी आले होते, तेव्हा तो माझ्या दारात आला. त्याची लेक लीला दवाखान्यात अडली होती. बाळ पायाकडून येत होतं आणि एकटी नर्स गांगरली होती.

“रुखमाबाई, तुमीच सोडवा तिले. मागच्या दारानं चला.” एरवी मला ‘अगं’ म्हणणारा माणूस.

“अन् बायायले काय सांगू?”

“कोनाले सांगू नका. सांजच्या सभेत मी सोता सांगतो, म्याच बलावलं म्हनून.”

अडलेल्या बाईपुढे कसला संप? मी गेले. पोरगा झाला, उशिरा रडला, पण रडला. हात धुतले आणि रजिस्टरवर अंगठा उठवला. जिनं बाळ झेललं तिचा अंगठा, ही तिथली रीत. हाताला सवयच होती, डोकं चाललंच नाही.

संध्याकाळी कमिटीचे अध्यक्ष बापूजी ते रजिस्टर काखेत घेऊनच सभेत आले.

“तुमच्यातलीच रुखमाबाई आज कामावर आली. मंग संप कायचा?”

मी मारोतरावाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, मग वर केली.

“घरातच फितुरी असन त मी एकटा काय करू?” तो म्हणाला.

नातवाचे पेढे तेव्हा खिशातच असतील मेल्याच्या.

संप मोडला. सहा जणींना परत घेतलं, जमनीला नाही. महिन्याभरात मारोतराव कमिटीवर गेला. बारशाला त्यानं माझ्यासाठी साडीचोळी पाठवली. आणणाऱ्याच्या हाती मी ती तशीच परत केली. पण बाया माझ्याशी बोलेनात.

शेवटी तांड्यावर गेले आणि जमनीला सगळं सांगितलं. ती गोधडी शिवत ऐकत होती.

“मावशी, लेकरू पायाळू होतं. तू गेली नसती त मीच तुह्याशी बोलली नसती.”

“मंग आता काहून बोलत नाहीस?”

“चार दिवस आपन एका चटईवर बसलो. मले सांगतलं असतं त मीबी संगं आली असती. तू त्याच्यावर भरोसा ठेवला, माह्यावर नाही.”

तिचे दिवस भरत आले होते. “कळा लागल्या की बलाव मले,” एवढंच म्हटलं.

“तांड्यावर सुखीबाई सुईन हाय,” ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

मी चार मैल चालत परत आले.