बाबांचं 'बस'

बाबांनी शब्दकोशाच्या कचेरीत चौतीस वर्षं शब्दांची कार्डं लिहिली. घरात कुणी शब्द ढिला वापरला की हातातला घास बाजूला ठेवून त्याची उलटतपासणी घ्यायचे. मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याच बाबांकडे एकच शब्द उरला.

दवाखान्यात थोरल्या लेकीने चमचा तोंडाशी नेला.

"बस," बाबा म्हणाले.

तिने वाटी खाली ठेवली. त्यांनी डोळे वटारले. "बस!"

ती मुकाट्याने स्टुलावर बसली. तेही नव्हतं. बाबांनी धड असलेला हात गादीवर आपटला.

मग तिने घरून त्यांच्या कार्डांचा खोका आणला. किरट्या अक्षरातली तीन कार्डं निघाली. एक 'बसणे'चं, संस्कृत 'उपविश्'पर्यंत नेऊन भिडवलेलं. दुसरं फारसीतून आलेलं, म्हणजे पुरे. तिसरं इंग्रजी गाडीचं. 'सर्वांसाठी' अशा अर्थाच्या लॅटिन 'ऑम्निबस'चं नुसतं शेपूट! तिने एकेक कार्ड पुढे धरलं. बाबांनी तिन्हींना मान हलवली. होय की नाही, देव जाणे.

"ताई, गाडीचंच असणार," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. "जन्मभर बसनं कचेरीत गेले. घरी चला म्हणत असतील."

दोघं हसली.

पाचव्या दिवशी बाबांना गिळता येईना. "पोटात नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना विचारून बघा. नाहीतर तुम्हालाच ठरवावं लागेल."

ती वाकली. "बाबा, नळी घालू द्यायची ना?"

"बस."

"म्हणजे पुरे? की माझ्याजवळ बस?"

"बस," ते हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

डॉक्टर कागद घेऊन उभ्या होत्या. भावाला विचारलं तर म्हणाला, "तू तिथं आहेस, तूच बघ." तिने सही केली.

बाबा आणखी सात आठवडे जगले. ती नळीतून दूध सोडायची तेव्हा रोज 'बस' म्हणायचे, कधी चिडून, कधी अगदी लाडात. "काय हवंय, बाबा?" ती विचारायची. ते टक लावून बघायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे.

सगळं आटोपल्यावर भाऊ आला. कपाट आवरताना त्याने विचारलं, "ताई, ते नको म्हणत होते का गं?"

"मला नाही कळलं रे," ती म्हणाली, आणि बाबांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत राहिली.