अक्रोडाचं टरफल

दुसरा वाडगाही फुटला. लेथवर फिरता फिरता बुडातून भोक पडलं आणि कुर्बोनली उस्तादाने पटाशी बाजूला ठेवली. फाटकातून डोकावणारा शेजारी इशमत म्हणाला, "उस्ताद, हात म्हातारा झाला म्हणायचा."

"लाकूड सडकं आहे," उस्ताद गुरगुरला. लाकूड सडकं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने वरच्या रानातला अक्रोड आडवा झाला. उस्तादाने जन्मात उभ्या झाडाला कुऱ्हाड लावली नाही. पडेल तेच आणायचं. आणि हा तर त्याच्या बायकोचा, ऑयनिसाचा अक्रोड. लग्न होऊन आल्यापासून दर शरदात तिने त्याच्याखाली पदर भरला होता. परवा तिचा चाळिसावा, तिला जाऊन चाळीस दिवस होणार होते. त्या दिवशी जेवणाचं दही याच लाकडाच्या वाडग्यात लावायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं. तीन ओंडके मिळाले होते. आता एकच उरला.

कातारी वाडग्याची जाडी कानाने मोजतो. जाड लाकूड घुमतं, पातळ होत गेलं की आवाज बारीक होत जातो, आणि तो नेमका कुठे थांबवायचा हेच खरं कसब. उस्तादाला बारीक आवाज ऐकू येईनासा झाल्याला अकरा वर्षं झाली होती. ते फक्त ऑयनिसाला माहीत होतं. ती उंबऱ्यावर अक्रोड फोडत बसायची आणि थांबायची वेळ झाली की एक टरफल नेम धरून त्याच्या पाठीत मारायची. गावाला वाटायचं, जोडप्याचं पटत नाही. "आज किती टरफलं खाल्लीस?" म्हणून चहाच्या टपरीवर त्याची टिंगल व्हायची, आणि तो ती खुशाल करून घ्यायचा. बहिरा कातारी म्हणवून घेण्यापेक्षा बायकोचा मार बरा. किती सुखाचे दिवस होते ते!

त्याने शेवटचा ओंडका चढवला. बाहेरून गोल उतरला. आत शिरताना मात्र तो अंदाजानेच पटाशी चालवू लागला. अजून थोडं, अजून थोडं. लेथची मोटर तेवढी ऐकू येत होती.

पाठीत काहीतरी हलकंसं लागलं.

त्याने पटाशी लाकडावरून उचलली. लेथ बंद केला. मग वळला, तर उंबऱ्यावर सून, जुल्फिजार, मांडीवर अक्रोडांची परडी घेऊन मान खाली घालून बसलेली.

"माफ करा, बाबा. आई शिकवून गेल्या. दुखण्यात महिनाभर रोज तुमचा लेथ ऐकायला लावायच्या. म्हणायच्या, माझ्यामागं त्यांना कोण थांबवणार?"

उस्तादाने वाडगा उजेडात धरला. कड सगळीकडे सारखी, पातळ. त्याने तो पुसला, पुन्हा पुसला. पायाजवळचं टरफल उचलून सुनेच्या परडीत ठेवलं.

"पुढच्या वेळी जरा जोरात मार, पोरी," तो म्हणाला. "तिची लागायची."