पायाशी एक थंड मुळी

ऊनमुळी दिसायला अजिबात देखणी नसते. लग्न होऊन मी खालच्या मुलखातून इथे वर आले, तेव्हा सासरच्यांनी मोठ्या अभिमानानं माझ्या हातावर एक ठेवली होती. मला वाटलं, कुणाचा तरी वाळलेला अंगठा आहे. राखाडी, वाकडी, बारीक तंतू लोंबणारी. माझं तोंड बघून नवरा हसला. सासऱ्यांना मात्र हसू आलं नाही.

जमिनीवर तिचं एकच पान असतं, तेही बर्फाखाली चपटं पडलेलं. फूल बर्फाच्या आतच येतं आणि आतच गळतं म्हणतात. ते फूल पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, पाहिलेल्याचा मेहुणा मात्र पुष्कळदा भेटतो. पान चघळलं की फाटलेले ओठ भरून येतात, चव साबणासारखी. देठाचा दोरा निघतो, तो थंडीनं कडक होत नाही. पण खरं मोल मुळीचं. जमिनीतून निघाल्यावर ज्या उघड्या हाताचा पहिला स्पर्श तिला होतो, त्या हाताची ऊब ती घेते आणि बर्फ वितळेपर्यंत तेवढीच धरून ठेवते. याला इथे मुळी उठवणं म्हणतात. एकदा उठली की ती बदलत नाही, मग तिला चुलीवर ठेवा नाहीतर बर्फात गाडा.

या मुळ्या दुलयांत भरतात, बुटांच्या तळव्यात घालतात, दुधाच्या कॅनखाली मांडतात. घरात कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी मुळ्यांची टोपली बोलावतात. तापल्या हातानं उठवलेली मुळी इतकी कढत निघते की गोठलेला नळ मोकळा होतो. माझ्या नवऱ्यानं लहानपणी शाळा बुडवण्यासाठी तापाचं सोंग केलं होतं. बाबांनी त्याच्या हातात एक मुळी दिली आणि सोंग तिथेच उघडं पडलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. साऱ्या वस्तीत त्यांच्यासारखा चढा, म्हणजे गरम, हात नव्हता. थंडीत बिनमोज्यांनी खणायचं, एकेक मुळी मुठीत धरून उठवायची आणि टोपलीत टाकायची, हे त्यांनी जन्मभर केलं. माझी मोठी नणंद, आम्ही तिला ताई म्हणतो, मुळ्या लोकरीत गुंडाळून कप्प्यांत भरायची. मी दुलई शिवायची. नवरा गाडी घेऊन घरोघर पोचवायचा. कामाची खोली लहान, खिडकी शेताकडे, मधे लांब टेबल. सुया गंजू नयेत म्हणून मेणाच्या गोळ्यात खोचलेल्या. दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर बसायचो आणि एकमेकींच्या टाक्यांना नावं ठेवायचो.

या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला आणि थोड्याच दिवसांत माझ्या मनात पाल चुकचुकली. ताई बाबांच्या टोपलीतली प्रत्येक मुळी उचलायची, पापणीला लावायची आणि बहुतेक सगळ्या पायाशी ठेवलेल्या पोत्यात टाकायची. मुळीची ऊब अशी पारखून बघणं हे नवशिक्यांचं काम. बोटं कामानं राठ होतात, पापणी होत नाही, म्हणून पापणी. बाबांनी ते कधीच सोडून दिलं होतं. जन्मभर गरम असलेल्या हाताची कुणी रोज परीक्षा घेत नाही. जेवणं झाली की ताई शाल गुंडाळून शेताच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि स्वतः उठवलेल्या मुळ्या पदराखालून आणायची. पोतं गोठ्यामागच्या उकिरड्यावर रिकामं व्हायचं.

मी विचारलं. ती म्हणाली, आधी तोंड शीव, मग दुलई.

दोन दिवस तिनं मला ताटकळत ठेवलं आणि मग सांगितलं. बाबांचा हात उतरला होता. वय झालं की काहींचा उतरतो. रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि बोटं इतकी बधिर होतात की त्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. शेजारच्या एका खणणाऱ्याचा असाच उतरला होता. त्याला घरच्यांनी सांगितलं, तसा तो शेताकडे तोंड करून ओट्यावर बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. ताईला बाबांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. नवऱ्याला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. मला हे सगळं थोडं पोरकट वाटलं. पण दुलया गरम जात होत्या, गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती आणि बाप तिचा होता. मी गप्प बसले.

मग माझं बाळंतपण वेळेआधी आलं. पोर एवढंसं, आवाज मांजराच्या पिल्लासारखा. सुईणीनं त्याला उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापासून काही लपवलं नाही. अंगावर मांस नाही, स्वतःची ऊब नाही. हिवाळाभर याला दुलईतून काढू नका. दुलई चांगली गरम असेल तर जगेल.

इथली रीत अशी, की बाळाच्या पहिल्या दुलईच्या मुळ्या घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं उठवायच्या, त्याही घरात, सगळ्यांसमोर. बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा काढून ठेवला आणि उद्याचा दिवस ठरवून टाकला. मी ताईला बोलावून घेतलं.

"माझ्या पोराच्या जिवाशी खेळ नको," मी म्हटलं. "तू सांग, नाहीतर मी सांगते."

ती म्हणाली, उद्यापर्यंत थांब. मी थांबले, पण मला तिचा राग आला होता आणि बाबांचा त्याहून जास्त. अंथरुणात पडल्या पडल्या मी मनात सगळ्यांना शिव्या घातल्या.

ताईनं काय केलं होतं ते मला सकाळी कळलं. रीतीप्रमाणे मुळ्या मातीच्या ढेकळासकट लाकडी चिमट्यानं काढतात, कुणाचा हात लागू देत नाहीत आणि बर्फ भरलेल्या खोक्यात मांडतात. ताईनं त्या आधीच स्वतःच्या हातानं उठवल्या होत्या आणि पुन्हा ढेकळांत थापून खोक्यात पुरल्या होत्या. उठलेली मुळी दिसायला वेगळी नसते. बाबा उचलतील, मुठीत धरतील, रीत होईल, पोर जगेल. मला मानावंच लागलं, नणंद माझी हुशार होती.

पुढच्या खोलीत माझा नवरा होता, सुईण होती, दारात शेजारचे चारजण. मी पोराला पोटाशी धरून भिंतीला टेकून बसले होते. बाबांनी पहिली मुळी काढली, माती झटकली, दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ डोळे मिटून बसले. मग ती पापणीला लावली. बाळाची मुळी अशी लावून बघावीच लागते, त्यात जुना खणणाराही सुटत नाही.

ताईचा चेहरा मी बघत होते. तिला वाटत होतं, गरम लागेल आणि ते खूश होतील.

मुळी गरम लागली असणार, पण तिच्याबरोबर त्यांची बोटंही पापणीला टेकली होती आणि ती गार होती. बाबांनी मुळी खाली ठेवली. दुसरी ढेकळातून काढली आणि मुठीत न धरता थेट पापणीला लावली. मग तिसरी; त्याही आधीच गरम होत्या. शेजाऱ्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. बाबांनी बूट मागितले, काठी घेतली आणि बाहेर गेले. खिडकीतून ते शेतात गुडघ्यावर बसलेले दिसले. नवरा त्यांच्या मागे निघाला, तर ताईनं त्याचा हात धरला आणि सुईणीला नि शेजाऱ्यांना घरी पोचवायला त्याला गाडी घेऊन पाठवलं.

बाबा परत आले तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांची मूठ मिटलेली होती. जागेवर बसले, तशीच धरून राहिले आणि मग मूठ उघडून ती मुळी पापणीला लावली. लगेच काढली नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या बर्फापासून," ताई म्हणाली.

"माझ्या कुठे गेल्या?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "उकिरड्यावर," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. सकाळपर्यंत ज्या माणसाचा मला राग होता, त्याच्याकडे मला बघवेना. ते रागावतील, निदान काठी आपटतील असं वाटलं होतं. त्यांनी आपली मुळी ताईसमोर धरली.

"दुलई तुझ्याच मुळ्यांची कर. ही एक पायाशी घाल."

"बाबा, पाय गार पडतील त्याचे," मी म्हटलं. म्हणायला जिवावर आलं, पण पोर माझं होतं.

"एकीनं काय होतंय," ते म्हणाले. "बाकी सगळं तिचंच आहे."

दुलई मी शिवली. ती मुळी लोकरीच्या दोन घड्यांत गुंडाळली आणि अगदी कडेला, पोराचा पाय पोचणार नाही अशा जागी वेगळा खिसा करून घातली. बाबांनी ते पाहिलं.

ते ओट्यावर जाऊन बसले नाहीत, एवढं मात्र बरं झालं. माझ्या टेबलाशी येऊन बसू लागले; नवऱ्याला आणि शेजाऱ्यांना आम्ही एवढंच सांगितलं, की ते थकलेत. मुळ्या गुंडाळायला लोकर पिंजायचे, सुईत दोरा ओवायचा हट्ट करायचे आणि दोऱ्याला शिव्या द्यायचे. पोर हळूहळू भरत होतं. कधी कधी ते त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि पोर दचकायचं. मग ते हात आपल्या मांडीखाली दाबून बसायचे आणि नुसते बघायचे.

भर हिवाळ्यात एका सकाळी ते चहा घ्यायला उठले नाहीत. नवऱ्यानं हाक मारली, मग ताईनं मारली.

इथली आणखी एक रीत सांगायची राहिली. खणणारा हिवाळ्यात गेला तर त्याच्या मुळ्या मागे गरम राहतात. म्हणून घरचे लोक दारोदार जातात, शेजारी त्याच्या दुलया पुढे करतात आणि घरचे त्यात हात घालून येतात. आमच्या खालच्या मुलखात असलं काही नाही, तिथे माणूस गेला की गेला. त्या दिवशी पोराला सुईणीपाशी ठेवून मी ताई आणि नवऱ्याबरोबर फिरले. प्रत्येक दारात दुलई पुढे यायची. म्हातारी माणसं आधी आपला हात घालायची आणि त्यांचे डोळे भरायचे. एक बाई म्हणाली, बघ गं, अजून तस्सा आहे तुझ्या बाबांचा हात. माझा नवरा त्या दुलईत तोंड खुपसून रडला.

ताई प्रत्येक दुलईत हात घालत होती. ती ऊब तिचीच होती. एका शब्दानं ती कुणाला काही बोलली नाही. मीही नाही.

घरी आल्यावर ती शाल न काढता कामाच्या खोलीत बसली. तिच्यासमोर माझी जागा होती, तिथे मी बसले नाही. पाळण्यातून पोराची दुलई काढली, पोराला घटकाभर माझ्या शालीत घेतलं, कात्रीनं कडेच्या खिशाचे टाके कापले. लोकरीची एक घडी सोडली, मग दुसरी. मुळी ताईच्या तळव्यावर ठेवली.

ताईनं ती पापणीला लावली. मग दोन्ही हातांत धरली आणि ओरडून रडली, मला भीती वाटेल इतकी. पोरही रडायला लागलं. ती मुळी थंड होती. बाबांचा हात डोक्यावर आला की पोर जेवढ्यानं दचकायचं तेवढीच थंड, त्याहून जराही जास्त नाही.

मी दुलईचा रिकामा खिसा शिवून टाकला. मुळी ताईकडेच राहू दिली. बर्फ वितळायला अजून बराच अवकाश होता.