वळणावर घासलेलं टोक

खर्रर्र. पहिल्यांदा डांबर अंगाला लागलं तेव्हा असा आवाज झाला होता. फार जुनी गोष्ट आहे. मी एका फटफटीचा डावा फुटरेस्ट. चालवणाऱ्याचा डावा पाय आयुष्यभर माझ्यावर राहिला. लोखंडाचा जीव, मला बोलायला वेळ लागतो. पण आज बोलतो, कारण एका बाईवर खोटा आळ आला आहे.

माझे पहिले मालक गयासुद्दीनभाई, बाळापूरचे. कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करायचे. तो आवाज झाला तसे ते थांबले, खाली बसले आणि माझ्या घासलेल्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं. शिवी दिली नाही. तेव्हापासून ते वळण येण्याआधीच वेग कमी करायचे आणि वळताना खांदे आतल्या बाजूला न्यायचे. माणूस आत झुकला की गाडीला कमी झुकावं लागतं. मग मी रस्त्याला लागत नाही.

मागं बसलेल्या बायकोला, बिस्मिल्लाबीला, ते सांगायचे, "मेरे कंधे पर से देख. मैं झुका तो तू बी झुक."

"और आप गिरे तो?"

"तो तू बी गिर. अकेली घर जाके क्या करेगी?"

ती पाठीत बुक्की मारायची. पण झुकायची.

जिनिंग बंद पडलं आणि गाडी किसनरावांकडे गेली. कापसाला भाव उरला नव्हता, म्हणून त्यांनी म्हशी घेतल्या होत्या. मागं दोन्ही बाजूंना दुधाचे डबे लटकले. मधे त्यांची बायको मैनाबाई, दह्याचं गाडगं मांडीवर घेऊन, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. अकोल्याच्या जठारपेठेत तिच्या दह्याची वाट पाहणारी घरं होती. वावरानं हात टेकल्यावर त्या दह्यानं घर धरून ठेवलं होतं.

किसनराव गाडी साइड स्टँडवर लावत. ती डावीकडे कलली की डावा डबा हाताशी येई. म्हणून बाळापुरातला सगळा रतीब ते डाव्यातूनच घालत. अकोल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत डावा रिकामा, उजवा काठोकाठ. उजवं ओझं तोलायला गाडी आधीच डावीकडे कललेली, मग डाव्या वळणावर मला आणखीच खाली जावं लागे. त्यात किसनराव वर ताठ, अंग उलट्या बाजूला टाकून.

"दोन्हीतून थोडं थोडं काढा ना," मैनाबाई म्हणायची. "आन असे खुंट्यावाणी कायले बसता?"

"तू दही सांभाळ."

एका सकाळी पुलाआधीच्या वळणावर मी घासलो. मी ओरडून सांगत होतो, अंग आत घ्या. आवाजानं घाबरून त्यांनी ऐन वळणात पुढचा ब्रेक दाबला. चाक सरकलं, गाडी डावीकडे आडवी झाली. मैनाबाईचा घोटा गाडीखाली मोडला. गाडगं फुटून दही रस्त्यावर पसरलं.

घरी बघायला आलेला शेजारचा सहदेव म्हणाला, "बाईमाणूस मांगं असलं का तोल जातेच, भाऊ."

"ते हालली ना," किसनराव म्हणाले.

खाटेवरून मैनाबाई बोलली, "मी नाही हालली. डबा एकीकडं भरेल होता."

"तुले गाडीतलं का समजते?"

सगळे हसले. मला पाय असते तर मी उठलो असतो. माझं घासलेलं टोक समोर होतं, कोणी वाकून पाहिलं नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधली. डबे होते तसेच राहिले.

गाडी चालवणाऱ्यांनो, वळणाआधी हळू व्हा. अंग वळणाकडे द्या, नजर पुढच्या रस्त्यावर ठेवा. ओझं दोन्हीकडे सारखं ठेवा. आणि पडलात तर मागच्या माणसाकडे बोट दाखवू नका.

पडल्यानंतर आज मैनाबाई पहिल्यांदाच दही घेऊन निघाली. पाय अजून ओढतो. बाळापुरातला रतीब संपवून किसनरावांनी गाडी चालू केली.

"बस. हळू नेतो. पन हालू नको बरं."

तिनं डाव्या डब्यावर टिचकी मारली. तो ठण्ण वाजला. उजव्यावर मारली. तो वाजला नाही. मग ती जरा वाकली आणि तिनं माझं टोक पाहिलं. गाडगं कडेवर घेतलं आणि लंगडत एसटी स्टँडकडे चालू लागली.