यंदा मी हिरवाच राहिलो

मी पॉइन्सेटिया बोलतोय. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत फुलवाल्यांच्या दारात लालभडक कुंड्यांची रांग लागते ना, त्यातलाच एक. आधी तुमचा एक गैरसमज दूर करतो. ती लाल फुलं नव्हेत हो, पानंच आहेत. खरी फुलं म्हणजे मधले पिवळे दाणे, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आमचं मूळ दूरच्या उबदार डोंगरांतलं. म्हणतात, एका गरीब मुलीकडे देवाला भेट द्यायला काही नव्हतं, म्हणून तिनं वाटेवरचं तण नेलं आणि ते लाल झालं. खरंखोटं देव जाणे, पण ऐकायला बरं वाटतं.

सुट्ट्या संपल्या की आमची रवानगी कचऱ्यात. मी वाचलो तो मला घरी आणणाऱ्या काकांमुळे. काका फोटोग्राफर, उभी हयात डार्करूममध्ये, काळोखात फोटो धुण्यात गेलेली. काकू म्हणाल्या, "अहो, पानं झडली त्याची, टाका आता."

"अगं, मेलं नाहीये ते, दमलंय," काका म्हणाले. त्यांनी माझ्या फांद्या छाटल्या. चीक लागून हाताला खाज सुटली, तरी कुरकुर नाही. पाणी घालायचे तेही माती सुकली तरच.

आणि खरी मेख त्यांनाच कळली. लाल व्हायला मला दोन महिने रोज चौदा तास काळोख लागतो. फोटोच्या कागदांचा मोठा खोका ते संध्याकाळी पाचला माझ्यावर पालथा घालायचे, तो सकाळी सातला काढायचे. एकदा काकूंनी मधेच जरा उचलला, तर केवढे ओरडले! "काळोखात डोकावायचं नसतं! सगळं काम वाया जातं."

नऊ वर्षं मी लाल झालो. शेजारीपाजारी बघायला आले की काका असे मिरवायचे, जणू रंग त्यांनीच दिलाय. दिला होताच म्हणा. काय दिवस होते ते!

मग काकांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग घराची गल्ली, मग माणसांची नावं. पाच वाजता मात्र खोका बरोबर हातात. घोळ व्हायचा तो पुढे. झाकलंय हेच दहा मिनिटांत विसरायचे, आणि दिवा लावून, खोका उचलून बघायचे. "आहेस ना रे?" पुन्हा झाकायचे. पुन्हा यायचे.

मी नुसता चरफडायचो. अहो काका, नका ना उघडू! मला लाल व्हायचं होतं ते तुमच्यासाठीच.

काकूंनी एका संध्याकाळी मला गुपचूप कपाटात ठेवलं. काका घरभर शोधत फिरले आणि शेवटी जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. काकूंनी मला लगेच परत आणलं.

सुट्टीला लेक आली ती दुकानातला नवा, लालबुंद पॉइन्सेटिया घेऊन. "आई, हे हिरवं कशाला ठेवलंय अजून? बाबांना लाल आवडतं ना?"

"आवडायचं," काकू म्हणाल्या. "आता दिवसभरात त्यांना एवढं एकच काम उरलंय गं. तेही काढून घेऊ?"

पाचला काका आले. नव्या झाडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, मलाच झाकलं. दहा मिनिटांनी पुन्हा आले, तेव्हा दिव्याचं बटण लेकीनं दाबलं.

तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर त्याला पाचला झाका आणि मधे उघडू नका. पण कुणी उघडून बघतच असेल, तर बघू द्या. लाल व्हायला मला पुढे पुष्कळ वर्षं आहेत. काकांचं ते ‘आहेस ना रे?’ विचारणं आता थोडेच दिवस.