अप्पांचा ठिपका

गिऱ्हाइकाची गाडी वळली की पुढून खडखड यायची. गॅरेजमध्ये धाकटीने पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर बसवली. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारमध्ये पीळ राहतो आणि सोडवताना तो फटका देतो, हे अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हा बार म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. त्याच्यामुळे वळणावर गाडी कलत नाही. दोन महिन्यांपूर्वी तो अप्पांनीच बसवला होता, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या जरा आधी.

बारच्या दोन्ही टोकांना चाकांशी जोडणाऱ्या लिंक सुटल्या. बार गाडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या चारही बोल्टवर पिवळा ठिपका होता. अप्पांचा ठिपका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोल्ट पुरता आवळला, मगच रंग. धाकटीने पाना लावायला हात नेला आणि डावीकडचा एक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. 

सोमवारपासून अप्पा पुन्हा कामावर येणार होते. घरी बसून त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. चांगला चालणारा मिक्सर उघडून झाला, मग शेजाऱ्यांचा पंखा. पण आपल्या हातून बोल्ट ढिला राहिला हे कळलं, तर हा माणूस पान्याला पुन्हा शिवणार नाही, हे ती ओळखून होती. त्या विचारानेच तिला रडू आलं. ब्रॅकेटमध्ये बारभोवती बसणारं रबरी बुश खराब निघालं म्हणून सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं.

अप्पांना सोमवारपर्यंत धीर कुठला! दुपारीच हजर झाले. तिने ठरलेलं सांगितलं. त्यांनी बाकावरचं बुश उचललं, उलटसुलट पाहिलं, अंगठा फिरवला.

"एकाच बाजूने घासलंय. बोल्ट ढिला होता ना?"

खराब रस्त्याने सैल झाला असेल, असं ती पुटपुटली. अप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि ते स्टुलावर बसले. मग आईलाही न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनआधी दुपारनंतर नीट दिसेनासं झालं होतं. म्हणून सकाळच्या उजेडात बोल्ट नुसते लावून ठिपके देऊन ठेवायचे आणि मागाहून हाताच्या अंदाजाने आवळायचे. एखादा आवळायचा राहिला तरी ठिपका तसाच दिसायचा. घरी बसवाल, या धास्तीने कुणाजवळ बोलले नाहीत.

"जाऊ द्या अप्पा," ती म्हणाली. "सापडला ना आता."

"हा सापडला. त्या महिन्यात आणखी चार गाड्या माझ्या हातून गेल्यात."

धाकटीचे कान तापले. सकाळपासून ती एका म्हाताऱ्याचं मन जपत बसली होती, आणि चार घरची माणसं त्या गाड्यांतून फिरत होती. तिने वहीत पाहून त्यातल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर मोबाइलवर लावला. अप्पांनी हात पुढे केला.

"दे इकडे. चूक माझी, तर बोलणीही मीच खातो."

पलीकडून आवाज आला. अप्पांनी आधी आपलं नाव सांगितलं, आणि मग गाडी आज रस्त्यावर काढू नका म्हणाले.